पाळी, ऊन आणि मज्जातंतू

चेन्नईच्या नैर्ऋत्येला, वंडलूरहून वालाजाबादकडे जाणारा रस्ता आणि सिंगपेरुमाळ कोइलहून श्रीपेरुंबुदूरला जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, तिथे ओरगडम आहे. अंबत्तूरमध्येही याच नावाची वस्ती आहे. आज बोलायचे आहे ते कांचीपुरम जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या ओरगडमबद्दल. २०१० साली इथे रेनो-निस्सानचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, २०१२ मध्ये डाइमलरचा ट्रकचा, २०१३ मध्ये रॉयल एनफील्डचा. त्यांच्या मागोमाग सुटे भाग पुरवणारे लहानमोठे उद्योग आले. आपल्या चाकण-तळेगाव पट्ट्यात वावरलेल्या माणसाला इथले सगळे ओळखीचे वाटेल: कंपनीच्या बसगाड्यांच्या रांगा, आयटीआय आणि डिप्लोमा करून आलेली पोरे, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कंत्राटी कामगार, मुलींची वसतिगृहे.

गाव १३ अक्षांशाच्या किंचित खाली आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्यानंतर, असा वर्षातून दोनदा सूर्य इथे बरोबर डोक्यावर येतो. मे महिन्यातल्या ज्या दिवसांना तमिळ लोक अग्निनक्षत्रम किंवा कत्तिरी वेयिल म्हणतात, त्या दिवसांत दुपारी रस्त्यावर उभे राहवत नाही. अशा ठिकाणी ऊन मिळत नाही म्हणून काळजी करायची, हे ऐकणाऱ्याला पटणे कठीण. तरीही ही काळजी करायला हवी, आणि ती हाडांपुरती धरून चालणार नाही. मल्टिपल स्क्लेरोसिस, ज्याला रुग्ण आणि डॉक्टर दोघेही एमएस म्हणतात, त्या आजाराच्या संदर्भात गेल्या वीस वर्षांत जे समोर आले आहे, ते ओरगडमसारख्या गावांनी नीट वाचावे असे आहे.

एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मेंदूवर आणि मज्जारज्जूवर उलटते. मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण असते. वायरिंग हार्नेसच्या विभागात काम करणाऱ्याला ते लगेच समजेल: वायरीवरचे वेष्टण जागोजागी सोलले गेले की संदेश वाटेत अडखळतो, गळतो, कधी पोहोचतच नाही. मग एका डोळ्याची नजर काही दिवसांत अंधूक होते, पाय बधिर होतो, चालताना तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतो, कशानेही न जाणारा थकवा येतो. बऱ्याच जणांत हे झटक्यांनी येते. झटका ओसरतो, माणूस पुन्हा कामावर जातो, आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुढचा झटका येतो. आजार बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो. पुरुषांच्या तुलनेत स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो. जगात सुमारे २८ लाख लोक या आजारासह जगत आहेत, असा २०२० चा अंदाज होता. थोडक्यात, ओरगडमच्या बसमधून उतरणाऱ्या मुलामुलींचे जे वय, तेच या आजाराचेही.

उन्हाचा संबंध आधी नकाशावर दिसला. विषुववृत्तापासून जितके दूर जावे तितका एमएस वाढतो, हे विसाव्या शतकात युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियात पुन्हा पुन्हा आढळले. १९६० च्या सुमारास अमेरिकी माजी सैनिकांच्या नोंदींवरून सूर्यप्रकाशाचे नाव पुढे आले आणि १९७४ मध्ये गोल्डबर्ग यांनी ड जीवनसत्त्वाची कल्पना मांडली. या नियमाला नॉर्वेचा किनारा अपवाद होता. इतक्या उत्तरेला असूनही तिथल्या मासेमार वस्त्यांत हा आजार आतल्या भागापेक्षा कमी होता, आणि तेलकट मासा हा तर ड जीवनसत्त्वाचा मोठाच साठा. पुढे २००६ मध्ये हार्वर्डच्या कसांड्रा मंगर आणि अल्बेर्तो आशेरियो यांनी अमेरिकी लष्कराकडे साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांतून मोठा पुरावा काढला. ७० लाखांहून अधिक माणसांच्या नोंदींतून त्यांनी पुढे एमएस झालेले २५७ जण शोधले आणि आजार होण्याच्या कितीतरी आधी घेतलेल्या त्यांच्या रक्तातले ड जीवनसत्त्व मोजले. गोऱ्या सैनिकांत ज्यांची पातळी सर्वांत वरच्या पाचव्या हिश्श्यात होती, त्यांना सर्वांत खालच्या हिश्श्यातल्यांपेक्षा धोका ६२ टक्क्यांनी कमी निघाला. हा फरक सर्वांत ठळक दिसला तो विशीच्या आत रक्त दिलेल्यांत. हे वय लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत मात्र असा संबंध दिसला नाही. सावळ्या कातडीच्या देशात बसून हा अभ्यास वाचणाऱ्याने हे वाक्य वगळू नये. मंगळूरच्या डॉ. लेखा पंडित आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे काम म्हणून मोलाचे. २०१३ मध्ये त्यांनी भारतीय रुग्णांतही कमी ड जीवनसत्त्व आणि एमएस यांचा संबंध असल्याचे मांडले. मंगळूर शहरात लाखामागे आठच्या आसपास एमएसचे रुग्ण असल्याचेही त्यांनीच मोजून दाखवले. त्याआधी, १९८५ च्या सुमारास, भारतातला आकडा लाखामागे फार तर एक-दीड धरला जात असे. मधल्या काळात एमआरआय यंत्रे आणि न्यूरॉलॉजिस्ट दोन्ही वाढले, म्हणजे या वाढीचा एक भाग निदानाचा आहे हे उघड. पण हा आजार आपल्याकडे नसतोच, ही समजूत आता टिकत नाही.

ती तशी मुंबईत कधीच टिकायला नको होती. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९९० मध्ये मुंबई-पुण्याच्या पारशी समाजाची पाहणी प्रसिद्ध केली. लाखामागे २६ रुग्ण, म्हणजे त्या वेळच्या भारतीय अंदाजाच्या कित्येक पट. दादरच्या पारसी कॉलनीवर आणि हिंदू कॉलनीवर ऊन काही वेगवेगळे पडत नाही. आजाराचा कल जनुकांतूनही येतो, हे याहून स्पष्टपणे आपल्या भूमीत दुसऱ्या कुणी दाखवलेले नाही. अक्षांशाच्या नियमावर विसंबून राहणाऱ्यांनी वाडियांचा तो निबंध आजही वाचावा. एमएस रुग्णांची देशव्यापी संस्था, मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया, १९८५ मध्ये मुंबईतच उभी राहिली. चेन्नईतही तिची शाखा आहे.

जनुके बदलता येत नाहीत. विषाणूचीही गोष्ट तशीच. २०२२ मध्ये हार्वर्डच्याच गटाने, या वेळी एक कोटी अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून, दाखवले की एप्स्टीन-बार विषाणूचा संसर्ग झाल्यावर एमएसचा धोका ३२ पट होतो. हा विषाणू जगात जवळजवळ प्रत्येकाला कधी ना कधी गाठतो आणि त्याच्यावर लस अजून नाही. मग माणसाच्या हाती काय उरते? तंबाखूचा धूर, किशोरवयातला लठ्ठपणा, ऊन, आणि कामाची वेळ. या चारांपैकी शेवटची दोन ओरगडममध्ये एकाच कागदावर लिहिलेली असतात: पाळीच्या वेळापत्रकावर.

ओरगडमपासून वायव्येकडे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर तिरुपती आहे. तिथे सी. व्ही. हरिनारायण यांनी एक साधा आणि फार उपयोगी प्रयोग केला. त्वचेत ज्या द्रव्यापासून ड जीवनसत्त्व बनते, ते द्रव्य काचेच्या कुप्यांत भरून त्यांनी दिवसाच्या वेगवेगळ्या तासांना उन्हात ठेवले. सर्वाधिक रूपांतर झाले सकाळी ११ ते दुपारी २ या वेळात. सकाळचे कोवळे ऊन हाडांना चांगले, हे आपण घरोघरी ऐकत आलो. अंगाला ते सुखावह असेलही. पण ड जीवनसत्त्व बनवणारे अतिनील-ब किरण सूर्य तिरपा असताना वातावरणातच बरेचसे अडतात. स्वतःची सावली स्वतःच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तेवढाच वेळ खरा. खिडकीच्या काचेतूनही हे किरण आत येत नाहीत. बसमध्ये खिडकीशी बसून उन्हाने भाजणाऱ्या कामगाराला त्यातून घामाखेरीज काही मिळत नाही.

आता पाळ्यांची घड्याळे या तीन तासांवर ठेवून पाहावीत. पहिल्या पाळीचा कामगार उजाडण्याआधी बसमध्ये चढतो, अकरा ते दोन तो छपराखाली असतो, जेवायला कॅन्टीनमध्ये जातो ते आतल्या आतच, आणि सुटतो तेव्हा सूर्य कललेला असतो. दुसऱ्या पाळीचा मध्यरात्री खोलीवर येतो, उशिरा उठतो, आणि अकरा ते दोन ही त्याची आंघोळीची, जेवणाची आणि बस गाठण्याची वेळ. रात्रपाळीचा त्या वेळी पडदे ओढून झोपलेला असतो, आणि झोपलाच पाहिजे. तिन्ही पाळ्या आलटूनपालटून फिरतात, तरी ते तीन तास एकाही पाळीत त्याचे नसतात. सुट्टीच्या दिवशी साठलेले कपडे आणि साठलेली झोप. ही मुले जिथून येतात, त्या तिरुवण्णामलै-विळुप्पुरमच्या गावांत त्यांचे आईबाप शेतात राबत होते आणि त्यांच्या कातडीवर ऊन न मागता पडत होते. हरिनारायण यांच्याच पाहणीत खेड्यातले लोक शहरातल्यांपेक्षा बऱ्या स्थितीत होते, ती पुरेशी चांगली नसली तरी. दिल्लीत एम्सच्या गोस्वामी आणि सहकाऱ्यांनी २००० साली हेच दुसऱ्या अंगाने दाखवले: एकाच शहरात उघड्यावर कवायत करणारे जवान बरे, आणि रुग्णालयाच्या भिंतींआड राबणारे डॉक्टर व परिचारिका खूपच खाली.

कॅनडातल्या अभ्यासकांनी २०१७ मध्ये निरनिराळ्या देशांतल्या व्यवसायांवरचे अभ्यास एकत्र केले. घराबाहेर काम करणाऱ्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता ४८ टक्क्यांना होती, आत काम करणाऱ्यांत ७८ टक्क्यांना, पाळ्यांत काम करणाऱ्यांत ८० टक्क्यांना. याचा अर्थ असा की एमएसचा विचार करताना अक्षांशाचा जुना नकाशा पुरा पडत नाही. तेरा अक्षांशावरचा माणूस छपराखाली आणि रात्रीच्या घड्याळावर जगू लागला, की त्याच्या त्वचेच्या लेखी तो उत्तरेला सरकलेला असतो.

आणि आता ते वय. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या अन्ना हेडस्ट्रोम आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवले, की ज्यांनी वयाच्या विशीआधी पाळ्यांत काम केले, त्यांच्यात एमएसचे प्रमाण अधिक होते. विशीआधी तीन वर्षे किंवा जास्त काळ पाळ्या केलेल्यांत ते जवळजवळ दुप्पट निघाले. त्यांनी यामागे झोपेची मोडतोड, शरीरघड्याळाची घडी विस्कटणे आणि मेलॅटोनिनची घट ही कारणे पुढे केली. ड जीवनसत्त्व त्यांच्या युक्तिवादाचा केंद्रबिंदू नव्हता. पण हार्वर्डच्या रक्ताच्या नमुन्यांतही वीसच वर्षे आणि स्टॉकहोमच्या पाळ्यांतही वीसच वर्षे, हा योगायोग म्हणून सोडून द्यावा असे वाटत नाही. किशोरवय सरता सरता प्रतिकारशक्तीची काहीतरी घडी बसते आणि तेव्हाचा अंधार ती लक्षात ठेवते, असे मानायला दोन्हीकडून आधार मिळतो. आपल्या कायद्यात मात्र अठरा पूर्ण झाले की मूल प्रौढ होते आणि त्याच आठवड्यापासून रात्रपाळीत उभे राहू शकते. ओरगडममधल्या प्रशिक्षणार्थींचे वय बहुतेक वेळा नेमके अठरा ते वीस या दोन वर्षांतले असते.

कार्यकारणाचा निकाल यातून लागला असे मी म्हणत नाही. एमएस झालेला माणूस कमी वेळा घराबाहेर पडतो, म्हणून त्याचे ड जीवनसत्त्व कमी असते, ही उलट शक्यता अभ्यासकांनी सुरुवातीपासून लक्षात घेतली आहे. चेन्नईसारख्या शहरात तर तिला जास्तच वजन आहे. विल्हेल्म ऊटहोफ या जर्मन नेत्रवैद्याने १८९० मध्ये नोंदवले होते की शारीरिक श्रम झाले की या रुग्णांची नजर तात्पुरती अंधूक होते; यामागे अंग तापणे असते, हे पुढे कळले. कत्तिरीच्या उन्हात चेन्नईतला एमएसचा रुग्ण दहा मिनिटे चालला तरी त्याचे पाय लटपटू लागतात, अंग थंड झाले की पूर्ववत होतात. अशा माणसाला जा, जरा उन्हात बस, असा सल्ला सहज देणाऱ्या नातेवाइकांना हे माहीत नसते. आजार नव्याने वाढत नसतो, पण त्याला जे वाटते ते खरे असते, आणि तो ऊन टाळतो. जनुकांच्या आधारे केलेल्या २०१५ च्या अभ्यासाने या उलट शक्यतेचे बरेचसे निरसन केले: ज्यांचे ड जीवनसत्त्व जन्मतः मिळालेल्या जनुकांमुळेच कमी असते, त्यांच्यातही एमएस अधिक आढळला. आजारामुळे जनुके बदलत नाहीत, म्हणून हा पुरावा वजनदार. त्याआधीच ऑस्ट्रेलियाच्या २०११ च्या अभ्यासाने आणखी एक गोष्ट पुढे आणली: ऊन आणि ड जीवनसत्त्व या दोहोंचाही संरक्षणाशी स्वतंत्र संबंध दिसतो. म्हणजे पाकिटातली पावडर ही उन्हाची जागा पूर्णपणे घेऊ शकेलच असे धरता येणार नाही.

पण विक्री मात्र पाकिटाची होते. ६० हजार युनिटचे पाकीट किंवा कॅप्सूल आता भारतातल्या कुठल्याही औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळते. कंबर दुखते, घ्या. थकवा आहे, घ्या. केस गळतात, घ्या. आठवड्याला एक घ्यायचे पाकीट रोज एक असे महिनाभर घेणारी माणसे डॉक्टरांना नेहमी भेटतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढांसाठी ठरवलेली रोजची गरज ६०० युनिटची आहे. सतत अतिमात्रा झाली की रक्तातले कॅल्शियम वाढते, उलट्या होतात, माणूस गुंगतो, मूत्रपिंडे निकामी होऊ लागतात. श्रीनगरच्या डॉक्टरांनी २०११ मध्ये अशा रुग्णांची मालिकाच प्रसिद्ध केली. जिथे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी, त्याच काश्मीरमध्ये इंजेक्शनांच्या भडिमाराने झालेली विषबाधा.

एमएसच्या रुग्णांच्या बाबतीत हे अधिक गंभीर होते, कारण त्यांच्यापुढे आशेचा बाजार मांडलेला असतो. ब्राझीलचे सिसेरो कोइंब्रा यांच्या नावाने ओळखली जाणारी ड जीवनसत्त्वाच्या प्रचंड मात्रेची पद्धत जगभर पसरली, भारतातही पोहोचली. तिच्या मागे लागून सिद्ध औषधे थांबवणारा रुग्ण आपल्या मेंदूतली अशी जागा गमावतो, जी पुन्हा मिळत नाही. चाचण्यांचे निकाल जसे आहेत तसे सांगायला हवेत. २०१९ मध्ये इंटरफेरॉनच्या जोडीला रोज १४ हजार युनिट देऊन पाहिले, ठरवलेले मुख्य उद्दिष्ट साधले नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत ग्लाटिरामरच्या जोडीला रोज ५ हजार आणि ६०० युनिट अशी तुलना झाली, झटके कमी झाले नाहीत. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये पहिलाच झटका आलेल्यांना १ हजार, ५ हजार आणि १० हजार युनिट देऊन पाहिले. २०२४ मध्ये आलेला निकाल, फायदा नाही. मग मार्च २०२५ मध्ये फ्रान्समधून वेगळा निकाल आला. एरिक थूव्हनो आणि सहकाऱ्यांनी आजार नुकताच सुरू झालेल्या ३१६ जणांना दर पंधरवड्याला एक लाख युनिट किंवा औषध नसलेली नकली मात्रा दिली, दोन वर्षे, दुसरे कोणतेही एमएसचे औषध न देता. आजाराची हालचाल जीवनसत्त्व घेणाऱ्यांत ६०.३ टक्के, न घेणाऱ्यांत ७४.१ टक्के. फरक खरा आहे. पण तो मुख्यतः एमआरआयवरच्या खुणांतला आहे, झटक्यांच्या संख्येत तो ठोस ठरला नाही. आणि जीवनसत्त्व घेऊनही दर दहांतल्या सहा जणांचा आजार हलताच राहिला, हेही त्याच आकड्यात आहे. चांगली औषधे १९९३ पासून येत गेली, आज भारतात त्यांतली काही जेनेरिक रूपात मिळतात. त्यांची जागा हे पाकीट घेऊ शकत नाही. डॉक्टरने मोजून, ठरवून, सोबतीला दिले तर द्यावे.

हे सगळे निकाल एकत्र ठेवले की एकच दिशा दिसते. आजार झाल्यावर ड जीवनसत्त्वाचा उपयोग अल्प आणि अनिश्चित. आजार होण्याआधी, तेही कोवळ्या वयात, त्याचे वजन बरेच जास्त. म्हणून चाळिशीतल्या सुपरवायझरच्या हातात पाकीट देऊन कंपनीचे आरोग्य खाते मोकळे होऊ शकत नाही. विचार करायचा तो अठरा-एकोणीस वर्षांच्या प्रशिक्षणार्थीच्या दिवसाचा, आणि दिवस त्याच्या हातात नसतो. तो ठरवणारी माणसे वेगळी आहेत.

त्यांना काय करता येईल, ते फार खर्चाचे नाही. विशीच्या आतल्या प्रशिक्षणार्थींना रात्रपाळी आणि फिरत्या पाळ्यांतून वगळावे. दोन वर्षे जनरल पाळीत शिकवल्याने कोणताही कारखाना अडत नाही. पहिल्या पाळीला जेवणाची सुट्टी मिळते, तिच्यातली पंधरा-वीस मिनिटे उघड्यावर घालवता येतील अशी जागा कॅन्टीनच्या दाराशी असावी, आणि तिथपर्यंत जाऊन यायला वेळ पुरेल एवढी ती सुट्टी लांबवावी. सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून पाच मिनिटांचा देखावा कामाचा नाही. आणि मे महिन्यात तेवढा वेळही उष्माघाताचा विचार करून, पाणी आणि सावली हाताशी ठेवूनच. ज्यांना ऊन मिळणे शक्यच नाही, त्यांच्यासाठी कॅन्टीनचे दूध आणि तेल ड जीवनसत्त्व मिसळलेले असावे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाची ‘एफ प्लस’ खूण असलेले दूध-तेल २०१६ नंतर बाजारात आलेले आहेच, ठेकेदाराच्या करारात एक ओळ घातली की झाले. वार्षिक तपासणीत सरसकट सगळ्यांचे ड जीवनसत्त्व मोजण्याचा आग्रह मात्र नको. निरोगी प्रौढांना ही चाचणी नियमाने करू नये, असे अमेरिकेच्या एंडोक्राइन सोसायटीने २०२४ मध्ये सांगितले. तो पैसा दुधात घालावा.

कामाच्या तासांवर आरोग्याच्या कारणाने बंधन घालणे तमिळनाडूला नवीन नाही. मद्रास उच्च न्यायालयाने २००० साली कारखान्यांत स्त्रियांना रात्रपाळी करू न देणारी जुनी तरतूद रद्द केली, आणि तो हक्क देतानाच अट घातली की दिवसपाळीतून रात्रपाळीत किंवा उलट जाताना मध्ये किमान बारा तासांची सलग विश्रांती हवी. स्त्रियांचा रात्री काम करण्याचा हक्क त्या निकालाने मिळाला, तो कुणी काढून घेऊ नये. पण शरीराला घड्याळ असते हे न्यायालयाने तेव्हाच मानले होते. ते पुढे नेऊन वयाचाही विचार करावा, एवढीच मागणी आहे, मुलगा असो वा मुलगी. चाकण आणि रांजणगावलाही तीच लागू.

आणि ज्याला आजार झालाच, त्याच्यासाठी वेळेचा हिशोब आणखी कडक आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचे नाव स्पष्टपणे लिहिलेले आहे. कंत्राटी कामगाराला हे कुणी सांगत नाही, त्याला ‘अशक्तपणा’ म्हणून घरी पाठवले जाते. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेला कामगार कर्मचारी राज्य विमा योजनेखाली येतो. त्याची वाट कारखान्याच्या प्रथमोपचार खोलीतून दवाखान्यात, तिथून रुग्णालयात, तिथून मोठ्या रुग्णालयात अशी जाते, आणि प्रत्येक टप्प्यावर एक खाडा पडतो. खाडा पडला की कंत्राट धोक्यात, म्हणून पहिला झटका ओसरताच तो कामावर परततो आणि विषय मिटतो. फ्रान्सच्या चाचणीत ज्यांना घेतले, त्यांचे पहिले लक्षण ९० दिवसांच्या आतले होते. ओरगडमच्या विशीतल्या मुलीला एका डोळ्याने अचानक धुरकट दिसू लागले, तर प्रथमोपचार खोलीतल्या डॉक्टरने चष्म्याचा नंबर काढायला न पाठवता थेट न्यूरॉलॉजिस्टच्या नावाने चिठ्ठी लिहावी, एमआरआयचा दिवस पगारी धरावा, आणि हे सगळे त्या ९० दिवसांत व्हावे.